पडसे, पेज आणि सोळा दिवसांचा खोकला

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव गाळून ते येथे देत आहे.

“आदरणीय माई, सादर नमस्कार. चवथीला आमच्याकडे मुंबईहून दीर, जाऊ आणि त्यांची मुले आली होती. दीड दिवसाचा गणपती पोचवून पाहुणे परतले आणि त्यांच्यामागे घरात पडसे राहिले. आधी माझा चार वर्षांचा मुलगा, मग आठ महिन्यांची मुलगी, मग सासूबाई आणि शेवटी यजमान, असे एकेक करून सगळे आजारी पडले. सासूबाई रोज कसाय करतात, रात्री पातेल्यात पाणी उकळून मुलाला चादरीखाली धरून वाफ देतात, आणि मुलीला मधातून गुटी चाटवावी असा त्यांचा आग्रह आहे. सासरे म्हणतात की फेणी कोमट करून छातीला चोळली की पडसे एका रात्रीत उतरते. यजमानांचा यातील कशावरच विश्वास नाही. त्यांनी मागच्या खेपेला उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतः घेतल्या आणि मुलाचा शेंबूड आता हिरवा झाल्यामुळे त्यालाही तसलेच औषध फार्मसीतून आणूया म्हणतात. भात, केळे आणि आंघोळ सध्या बंद आहे. दोन्हीकडून मलाच बोल लागतो. घरगुती उपायांपैकी खरे कोणते आणि खोटे कोणते ते कृपया सांगावे. मलाही चवथीपासून खोकला आहे, पण तो काही विशेष नाही, सोळा दिवस झाले, होईल कमी.”

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल मला बरेच लिहायचे आहे, पण तुम्ही मुलांचे आधी विचारले आहे, म्हणून उत्तरही तेथूनच सुरू करते. चौतीस वर्षे मी सरकारी आरोग्यसेवेत परिचारिका होते. त्या काळात तुमच्या सासूबाईंसारख्या कितीतरी आज्या आणि तुमच्या यजमानांसारखे कितीतरी तरुण बाप माझ्यासमोर बाकावर बसले आणि एकमेकांकडे न पाहता मला म्हणाले, “तुम्हीच सांगा यांना.” त्यांपैकी एकानेही माया कमी होती म्हणून चुकीचा उपाय केला नव्हता, आणि तुमच्या घरातही तसे नाही.

खरे कोणते आणि खोटे कोणते, असे तुम्ही विचारता. पडसे दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे होऊ शकते, आणि त्यांतील एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. म्हणूनच एक पडसे जाऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच दुसरे येते, आणि लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा पडसे होणे यात काही वावगे नसते. या विषाणूंना शरीर स्वतःच हुसकावून लावते. ते काम कसाय करीत नाही, मध करीत नाही आणि फार्मसीतील कोणतीही गोळीही करीत नाही. पहिले दोन दिवस घसा खवखवतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक सर्वांत जास्त वाहते, मग शेंबूड घट्ट होतो, आणि सात ते दहा दिवसांत बहुतेक सगळे ओसरते. खोकला मात्र आणखी काही दिवस रेंगाळतो. एवढे दिवस सुसह्य जावेत, झोप लागावी, पोटात अन्नपाणी जावे, यासाठी घरगुती उपाय असतात. या कसोटीला उतरलेला उपाय मी खरा मानते. त्यासोबत तो कोणाला इजा करणारा नसावा, ही माझी दुसरी अट आहे, आणि तुमच्या घरातील काही उपाय नेमके याच अटीवर अडतात.

बंद केलेल्या गोष्टींपासून सुरुवात करूया. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे १९४६ पासून १९८९ पर्यंत केवळ पडशाच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्र चालले. तेथील एका प्रयोगात काही स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्याच्या झोतात उभे केले गेले, पायांत ओले मोजे घालून ठेवले गेले, आणि त्यांची तुलना उबेत राहिलेल्या माणसांशी केली गेली. भिजलेल्यांना पडसे अधिक प्रमाणात झाले नाही. तेव्हा मुलाला कोमट पाण्याने आंघोळ घालायला, डोके लगेच कोरडे करायला आणि कोरडे कपडे घालायला काहीच हरकत नाही. घामेजलेले, चिकट झालेले मूल आंघोळीनंतर शांत झोपते, हे तुम्ही स्वतः पाहाल. केळ्यानेही पडसे वाढत नाही. भात तर आजारी माणसाचे पहिले अन्न आहे, तो बंद करून मुलाला बिस्किटांवर ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

भाताचा विषय निघालाच आहे, तर पेजेबद्दल मनापासून लिहिते, कारण माझ्या मते गोव्याच्या स्वयंपाकघरात पडशासाठी याहून चांगली वस्तू नाही. उकडे तांदूळ भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावेत, मीठ घालावे, आणि कोमट असतानाच वाटीने प्यायला द्यावी, एवढीच तिची कृती आहे. तापात शरीरातून घामावाटे आणि जलद श्वासावाटे पाणी जाते, भूक मेलेली असते आणि घसा गिळायला कुरकुरतो. पेजेतून पाणी, मीठ आणि सहज पचणारे पिष्ट एकत्र मिळते आणि घशाला ऊबही मिळते. १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याचे नाव आज पणजीच्या नगरपालिका उद्यानाला आहे, त्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात मोडशीच्या, म्हणजे पटकीच्या, रुग्णाला मिरी आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी देण्याची इथली पद्धत नोंदवून ठेवली आहे. त्याने त्या पाण्याचे नावही इथलेच दिले आहे: कांजी. पुढे पोर्तुगिजांनी तोच शब्द आपल्या कोंबडीच्या सूपाला ‘कांजा’ म्हणून लावला, आणि आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत आजारी माणसाला आजही कोंबडीची पातळ कांजी देतात. तुमच्या घरात चालत असेल तर तीही उत्तम, नाहीतर कुळथाचे सार लसणीची फोडणी देऊन करावे. मुलाला एका वेळी वाटीभर जात नसेल तर दर अर्ध्या तासाने चार-पाच चमचे पेज पाजावी. त्याची लघवी फिकट रंगाची आणि नेहमीएवढ्या वेळा होते आहे की नाही, एवढे पाहिले म्हणजे पुरेसे पाणी पोटात जाते आहे की नाही ते कळते.

सासूबाईंच्या कसायाविषयी माझे मत चांगले आहे. धणे, जिरे आणि बडीशेप भाजून, त्यांत आल्याचा तुकडा, तीन-चार मिऱ्या, तुळशीची पाने आणि परसातील गवती चहा घालून उकळलेल्या पाण्याचा एक कप मोठ्या माणसाला दिवसातून दोनदा जरूर द्यावा. त्याने विषाणू मरत नाही, पण गरम पाणी घशाला बरे वाटते, आल्या-मिऱ्याच्या तिखटपणामुळे नाकाला पाणी सुटते आणि कोंडलेपण काही काळ हलके होते. हीच वस्तू दिवसभर चुलीवर आटवून दाट करून पाजली की घसा आणि जठर दोन्ही भाजल्यासारखे होतात. चार वर्षांच्या मुलाला मिरी वगळून, पातळ करून, चार घोट पुरेत, आणि आठ महिन्यांच्या मुलीला तो अजिबात देऊ नये. सासूबाई रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील तर त्यांच्या कपात ज्येष्ठमध घालू नका, कारण नियमित घेतलेला ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी करतो. त्यांना मधुमेह असेल तर गूळही वगळा. “गूळ औषधाचा आहे, तो लागत नाही” असे मला एका आजींनी अगदी गंभीरपणे सांगितले होते, आणि त्यांची साखर उतरवायला आम्हाला आठवडा लागला होता.

आता वाफेबद्दल, आणि येथे मला जरा कठोर लिहावे लागेल. गोव्याबाहेरच्या एका रुग्णालयात मी नवशिकी असताना एका रात्री सुमारे पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीने पदरात गुंडाळून आणले. पडशासाठी चादरीखाली वाफ देताना मुलाने पाय झाडला, पातेले कलंडले आणि उकळते पाणी त्याच्या दोन्ही मांड्यांवर सांडले. ओली चादर अंगाला चिकटल्यामुळे ती काढता काढता आणखी क्षणभर गेला. पडसे चार दिवसांत गेले असते, पण त्या मुलाच्या जखमांच्या पट्ट्या बदलण्याचे काम मी सव्वा महिना केले. तो माझा हात पाहिला की रडू लागे आणि आजी दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभ्या असत. मुलाला चादरीखाली वाफ देणे आजपासून बंद करा, ही माझी विनंती नसून आग्रह आहे. वाफेने पडसे लवकर बरे होते असे अभ्यासांतही ठामपणे दिसलेले नाही, तेव्हा एवढा धोका पत्करावा असे त्यात काही नाही. मोठ्या माणसाला बरे वाटत असेल तर त्याने भांडे टेबलावर पक्के ठेवून, मुले जवळपास नसताना पाच मिनिटे वाफ घ्यावी. मुलासाठी न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ओतून दार लावून घ्या आणि त्या उबदार दमट हवेत त्याला मांडीवर घेऊन दहा मिनिटे बसा.

चोंदलेल्या नाकासाठी, विशेषतः मुलीसाठी, फार्मसीत मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब आणा. अंगावर पाजण्याआधी दहा मिनिटे प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब घालून बाहेर आलेले पाणी मऊ कापडाने टिपले की ती श्वासासाठी न थांबता दूध पिऊ शकेल. तेल, कांद्याचा रस किंवा लिंबू यांतले काहीही नाकात घालू नये. कापूर आणि निलगिरीचे तेल या वस्तू लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते, आणि दोन वर्षांखालील मुलांच्या छातीला किंवा नाकाखाली ही द्रव्ये चोळूही नयेत. ओवा-लसणीच्या धुरीचाही उल्लेख करते, कारण पावसाळ्यात बाळाला शेकण्याच्या निमित्ताने निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत आणण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. धूर बाळाच्या सुजलेल्या श्वासनलिकेला त्रासच देतो आणि बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट करून, आधी आपल्या मनगटाला लावून पाहून मुलाच्या छातीला लावली तर चालेल. त्यातून मिळते ती ऊब आणि आजीचा स्पर्श, आणि आजारी मुलाला ते हवेच असते.

मध. याबाबत दोन्ही मुलांसाठी उत्तर वेगवेगळे आहे. एक वर्षावरील मुलांमध्ये रात्रीचा खोकला कमी करण्यासाठी मधाचा उपयोग होतो असे अभ्यासांत दिसले आहे, म्हणून मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध द्या, मग दात स्वच्छ करून घ्या. मुलीला मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा लावायचे नाही. मधात कधीकधी एका जंतूची बीजे असतात, ती मोठ्यांच्या पोटात निरुपद्रवी ठरतात, परंतु तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून असे विष तयार करतात की बाळाचे स्नायू लुळे पडतात, त्याला दूध ओढता येत नाही आणि श्वासही अडू शकतो. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर बाळाच्या जिवावर बेततो. सासूबाईंना हे सांगताना “तुमचे चुकते” असे म्हणू नका. “मुलाचा मध तुम्ही द्या, मुलीचा तिच्या पहिल्या वाढदिवसापासून तुम्हीच सुरू करा” असे म्हणा. गुटीही तोवर राहू द्या, कारण सहाण आणि पाणी यांच्या स्वच्छतेची खात्री पावसाळ्यात देता येत नाही.

सासऱ्यांचा मान राखून लिहिते की फेणी मुलांपासून पूर्णपणे दूर ठेवावी. तिच्यात सुमारे ४२ टक्के मद्यार्क असतो. लहान बाळाच्या पातळ त्वचेतून आणि वाफेतून तो शरीरात शिरतो, त्याने बाळाच्या रक्तातील साखर एकदम उतरू शकते आणि बाळ सुस्तावते. ती सुस्ती पाहून घरच्यांना वाटते की बाळ शांत झोपले. फेणी तापवताना ती पेट घेते, हेही विसरू नये. मोठ्या माणसाला घोटभर फेणीने ऊब वाटते हे खरे, पण झोप तुटक होते, आणि तापासाठी पॅरासिटामॉल घेत असताना दारूने यकृतावर दुहेरी भार पडतो. दुखशिरीचे मूळ घातलेल्या फेणीचे गुण सांगणारी मंडळी आमच्याही घरात होती, त्यांच्याशी मी वाद घातला नाही, फक्त बाटली पाळण्याच्या खोलीतून हलवली.

यजमानांच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते, कारण त्यांचा उपाय अधिक शास्त्रीय दिसतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर चालत नाही. त्यामुळे पडशावर किंवा फ्लूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, पोट मात्र बिघडते, आणि शरीरात राहणाऱ्या जिवाणूंना त्या औषधाशी झुंजण्याची सवय लागते. पुढे खरोखरच न्यूमोनिया झाला तर तेच औषध निकामी ठरण्याची शक्यता वाढते. मागच्या खेपेच्या गोळ्या उरल्या याचा अर्थ त्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस घेतल्याच गेल्या नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आणून द्या. शेंबूड हिरवा होण्याचे कारण असे की विषाणूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्येच हिरवट रंगाचे एक विकर (एन्झाइम) असते, त्या पेशी साठल्या की शेंबडाला तो रंग येतो. नुसता रंग बदलला म्हणून औषध बदलण्याची गरज नसते. दहा दिवसांनंतरही काहीच उतार नसेल, किंवा मूल सुधारून पुन्हा तापले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे, आणि मग त्यांनी अँटिबायोटिक दिले तर ते पूर्ण करावे.

फार्मसीतून पडशाचे तयार सिरपही आणू नका. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियामकाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. तुमच्या मुलाने चार वर्षे नुकतीच ओलांडली म्हणून ते त्याला हितकारक ठरत नाही. ताप असून मूल मलूल असेल तर पॅरासिटामॉल पुरेसे आहे, आणि त्याची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नाही. म्हणजे १५ किलोच्या मुलाला एका वेळी १५० ते २२५ मिलिग्रॅम. येथे एक चूक फार होते. एका बाटलीत पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध असते, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीत २५०. “मागच्या वेळी एक चमचा दिला होता” या आठवणीवर विसंबू नये, प्रत्येक वेळी बाटलीवरचा आकडा वाचावा आणि तिच्यासोबत आलेल्या मापानेच औषध मोजावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, कारण फ्लूमध्ये त्याने मेंदू आणि यकृत यांना गंभीर इजा होण्याचा धोका असतो.

हे पडसे नसून फ्लू असेल तर तो कसा ओळखायचा, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पावसाळा हा आपल्याकडे फ्लूचाही हंगाम असल्याने सांगते. पडसे हळूहळू चढते. फ्लू मात्र दुपारपर्यंत धडधाकट असलेल्या माणसाला संध्याकाळी अंथरुणाला खिळवतो. ताप मोठा येतो, अंग ठेचल्यासारखे दुखते, आणि नाक त्यामानाने कमी वाहते. सासूबाईंसारख्या वयस्कर व्यक्तीला, गरोदर स्त्रीला, दमा किंवा मधुमेह असलेल्याला अशी लक्षणे दिसली तर कसाय करीत दोन दिवस थांबू नये. फ्लूवर डॉक्टर देऊ शकतात असे औषध आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केले तरच त्याचा चांगला उपयोग होतो. आणि नाक अजिबात वाहत नसताना ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंगावर पुरळ किंवा हिरड्यांतून रक्त असे दिसले तर डेंग्यूची तपासणी व्हायला हवी. तोवर आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये. शेतातल्या किंवा व्हाळाच्या पाण्यातून वावरल्यानंतर ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत कळा आल्या तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय घ्यावा. तुमच्या सत्तरीत काजूच्या दिवसांत रानात जाणाऱ्यांना येणाऱ्या तापाबाबत गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचीही आठवण ठेवावी लागते. यांतल्या कोणत्याही तापावर घरगुती उपाय नाही.

मुलांसाठी मी प्रत्येक आईला एक गोष्ट हाताशी धरून शिकवत असे, ती तुम्हालाही शिकवते. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याचा सदरा वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. तुमच्या मुलाच्या वयाला मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास, आणि मुलीच्या वयाला ५० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध-पाणी घेत नसेल किंवा हाक मारूनही नीट जागे होत नसेल, तर दिवसाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. अर्ध मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नसतो.

घरात फिरणारा हा आजार थांबवण्याचे उपाय साधे आहेत, पण पावसात ते अवघड होतात. कपडे वाळत नाहीत म्हणून एकच ओलसर रुमाल चार नाकांना पुरवला जातो, आणि साबणाने हात धुण्यापूर्वीच बाळाला उचलले जाते. जुन्या सुती लुगड्याचे तळहाताएवढे तुकडे करा, प्रत्येकाची वेगळी पिशवी ठेवा, वापरलेले तुकडे गरम पाण्यात धुऊन चुलीजवळ वाळवा. यजमान आणि सासूबाई खोकत असेपर्यंत मुलीला उचलताना तोंडाला मास्क लावतील तर तिचे पुढचे पडसे टळू शकेल.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही घरातल्या प्रत्येकाचा आजार तपशीलवार लिहिला आहे, आणि स्वतःचा एका ओळीत. कसाय सासूबाई करीत असतील, पण पातेली घासणारे, रात्री दोनदा उठणारे, पाहुण्यांच्या नेवऱ्या तळणारे आणि तापात असताना चार माणसांचे जेवण रांधणारे हात कोणाचे होते, हे पत्रात लिहिलेले नसूनही वाचता येते. विश्रांती हा पडशावरचा सर्वांत जुना घरगुती उपाय आहे आणि तुमच्या घरात तो तुम्हाला सोडून सगळ्यांना मिळाला आहे. रोज दुपारी दोन तास झोपा, मुलगी त्या वेळेत सासूबाईंपाशी किंवा यजमानांपाशी राहील असे ठरवा. मिठाच्या कोमट पाण्याने, एका पेल्याला अर्धा चमचा मीठ घालून, दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा, मध तुम्हालाही चालेल, आणि चुलीच्या व उदबत्तीच्या धुरापासून शक्य तेवढे दूर राहा.

सोळा दिवसांचा खोकला पडशाचाच उरलेला असण्याची शक्यता अधिक आहे, त्यामुळे घाबरू नका. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या खोकल्यासाठी थुंकीची क्षयरोगाची तपासणी करावी असा आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे, तो तुम्हालाही लागू आहे आणि ही तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रात मोफत होते. संध्याकाळी बारीक ताप येतो का, रात्री घाम येतो का, वजन उतरले आहे का, हे डॉक्टर विचारतील, त्याची उत्तरे आधी आठवून ठेवा. एक नमुना सकाळी उठल्यावरचा लागतो. तो घेताना फक्त लाळ न देता खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका द्यावा, नाहीतर पुन्हा फेरी पडते. दूध पाजणाऱ्या आईने ही तपासणी पुढे ढकलणे बरे नव्हे. येत्या सोमवारी सकाळी जा, आणि त्या दिवशीची पेज कोण करणार हे यजमानांशी रविवारी रात्रीच ठरवून ठेवा.

तुमची,
माई